आरोग्यावरच्या खर्चाला भागायचे कशाने: फेऱ्यांनी की वाचलेल्या जिवांनी?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा ठरू लागला, की नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत आरोग्यासाठी मागणी येते ती बहुतेक वस्तूंची. रुग्णवाहिका, फिरता दवाखाना, सोनोग्राफी मशीन, आणखी एक इमारत. वर्ष सरले की अहवालात दोन आकडे येतात: निधी किती टक्के खर्ची पडला आणि लाभार्थी किती झाले. तेवढ्याच पैशात दुसऱ्या पद्धतीने सेवा दिली असती तर अधिक बाळंतिणी, अधिक मुले वाचली असती का, हे या दोन आकड्यांवरून कधीच कळत नाही. ते कळायला हवे आणि तालुक्याच्या पातळीवर ते कळू शकते, एवढे मांडण्यासाठी हे पत्र.

असा हिशेब आपल्या देशात पूर्वीच झालेला आहे. १९५६ साली मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांना ठेवून घेणाऱ्या रुग्णालयात, दाखल करून औषध, चांगला आहार आणि सक्तीची विश्रांती दिली. दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तेच औषध दिले. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते, आणि रुग्ण घरी राहिला म्हणून घरातल्या इतरांना संसर्गाचा धोकाही वाढला नव्हता. औषध तेच, फक्त ते पोहोचवण्याची पद्धत वेगळी. सॅनेटोरियमच्या खाटांवरचा खर्च टळला आणि क्षयाचा उपचार लाखो घरांपर्यंत नेता आला. आज निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला महिन्याला १००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते), त्याच्या मुळाशी घरी राहून बरे होण्याची हीच पद्धत आहे.

आता सातपुड्यातल्या बाळंतपणाकडे येऊ. पद्धत निवडण्यात चूक झाली तर ती सर्वांत महागात तिथेच पडते.

मातामृत्यूच्या अन्वेषणात तीन विलंब तपासतात. दवाखान्यात न्यायचे हे घरच्यांनी ठरवायला लागलेला वेळ हा पहिला, घरातून दवाखान्यापर्यंत पोहोचायला लागलेला दुसरा, आणि पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार सुरू व्हायला लागलेला तिसरा. रुग्णवाहिका फक्त दुसऱ्या विलंबावरचा उपाय आहे. धडगाव-अक्कलकुव्यात तर त्याच्याही अर्ध्याच भागावरचा. पाड्यापासून गाडीरस्त्यापर्यंत बाईला बांबूच्या झोळीतूनच आणावे लागते. १०८ चे घड्याळ फोन लागल्यापासून चालू होते. रेंज मिळावी म्हणून टेकडी चढण्यात गेलेला वेळ आणि झोळीचा वेळ कोणत्याच लॉगबुकात येत नाही. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की तळोद्याकडचा रस्ताच बंद. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबला नाही तर दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. त्यामुळे वेळ मोजायचा तो कळा सुरू झाल्यापासून, आणि तो बाईच्या घरच्यांना विचारूनच मोजता येतो.

याच अडचणीसाठी माहेरघर योजना आहे. दुर्गम भागातल्या गरोदर बाईने प्रसूतीच्या काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत येऊन राहायचे, म्हणजे झोळी, घाट आणि रेंज हे तिन्ही प्रश्न कळा सुरू होण्याआधीच सुटतात. कागदावर ही पद्धत रुग्णवाहिकेपेक्षा कितीतरी स्वस्त. प्रत्यक्षात खोल्या रिकाम्या राहतात, आणि मग ‘लोकांनाच नको आहे’ असा शेरा पडतो. खोली रिकामी का राहते ते पाहिले की उपाय दिसतो. बाईबरोबर तिची धाकटी दोन पोरे येतात, त्यांच्या जेवणाची तरतूद नसते. सासू किंवा नवरा सोबत थांबला तर त्याची मजुरी बुडते. संडासात पाणी नसते. पावरी किंवा भिली बोलणारे कुणी नसेल तर बाई दोन दिवस गप्प बसून तिसऱ्या दिवशी घरी निघून जाते. अपेक्षित तारीखच चुकीची काढलेली असेल, तर पंधरा-वीस दिवस बसून राहण्याची पाळी येते आणि पुढच्या वेळी ती येतच नाही. तारीख चुकते कारण पहिली नोंदणी पाचव्या-सहाव्या महिन्यात होते आणि शेवटच्या पाळीची तारीख अंदाजाने लिहिली जाते. म्हणजे माहेरघर चालवायचे तर पैसा खोलीच्या रंगरंगोटीवर नको. तो जेवणावर, सोबतच्या माणसाच्या बुडीत मजुरीवर, स्थानिक बोली येणाऱ्या मदतनीस बाईवर आणि बारा आठवड्यांच्या आतल्या नोंदणीवर खर्च व्हायला हवा.

दोन पद्धतींची तुलना करताना एक चूक हमखास होते. ती उदाहरणाने दाखवतो. यातले आकडे केवळ रीत समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा एका आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात वर्षाला ३०० बाळंतपणे होतात, त्यातली १८० दवाखान्यात आणि १२० घरी. दुसरी रुग्णवाहिका ठेवली, वर्षाचा खर्च २० लाख, आणि दवाखान्यातली बाळंतपणे २१० झाली. अहवाल लिहिणारा २० लाखांना २१० ने भागतो आणि म्हणतो, एका बाळंतपणाला साडेनऊ हजार, परवडले. पण १८० तर आधीही होतच होती. नव्या खर्चाने वाढली ती ३०. म्हणजे एका वाढीव बाळंतपणाला जवळपास ६७ हजार रुपये पडले. तिथेच माहेरघर नीट चालवायला ६ लाख लागले आणि २५ बाळंतपणे वाढली, तर एका वाढीव बाळंतपणाला २४ हजार. भागायचे ते नेहमी वाढलेल्या फळाने, एकूण संख्येने नव्हे. रुग्णवाहिकेच्या बाजूने एवढे मात्र धरलेच पाहिजे की तीच गाडी सर्पदंश, अपघात आणि आजारी बालकेही नेते. म्हणून लॉगबुकातल्या किलोमीटरच्या प्रमाणात तिचा खर्च वाटून घ्यावा आणि बाळंतपणाच्या वाट्याचा तेवढाच इथे धरावा.

आणि हाच हिशेब चाळीसगाव किंवा रावेरला मांडला तर उत्तर उलटे येऊ शकते. रस्ता दारापर्यंत आहे, फोन लागतो, तासाभरात शस्त्रक्रियेची सोय गाठता येते. तिथे एक गाडी जास्त असणे माहेरघरापेक्षा फायद्याचे ठरेल. म्हणून जिल्ह्याची सरासरी काढून एकच पद्धत सगळीकडे लावणे आम्हाला पटत नाही. जळगाव जिल्ह्यातही केळीच्या पट्ट्यापासून थोडे उत्तरेला सरकले की यावल-चोपड्याच्या डोंगरात पावरा पाडे लागतात. त्यांचा हिशेब धडगावच्या पंगतीत मांडला पाहिजे, भुसावळच्या नाही.

तिसऱ्या विलंबावर गाडीही चालत नाही आणि माहेरघरही. तिथे लागते ते औषध आणि हात. रक्तस्राव टाळण्यासाठी बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन मांडीत देतात. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. खान्देशच्या एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना प्रसूतिगृहाच्या ट्रेमध्ये दिवसभर पडलेली ॲम्प्युल (औषधाची कुपी) निकामी होत जाते. इंजेक्शन दिल्याची नोंद होते, पण गर्भाशय आकुंचन पावत नाही. त्याची किंमत काही रुपये, पण फ्रीजमधून बाळंतपणाच्या वेळीच काढण्याची शिस्त नसेल तर वरचा सगळा खर्च त्या एका ॲम्प्युलपाशी वाया जातो. जिथे घरीच बाळंतपण होणार हे दिसते आहे, तिथे रक्तस्राव टाळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या, एकूण ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या हा पर्याय आहे. त्यांना फ्रीज लागत नाही. फक्त एक गोष्ट आशाताईकडून घरच्या बाईला चार वेळा म्हणवून घ्यायची: गोळ्या बाळ बाहेर आल्यावरच, आणि पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री झाल्यावरच. आधी घेतल्या तर जीवावर बेतते.

नवजात बाळाच्या बाबतीत उत्तम पुरावा तर महाराष्ट्रातलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापर्यंत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. म्हणजे एक जीव वाचवायला शंभर डॉलरपेक्षाही कमी लागले. सेवेच्या पद्धतीचा हिशेब कसा मांडावा याचा हा नमुना आहे: खर्च, त्यातून टळलेले मृत्यू, आणि दोन्हींचा भागाकार.

आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देते. घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवसाची भेट धरून सात. मोबदला २५० रुपये. पद्धत तीच असली तरी गडचिरोलीतले फळ आपोआप मिळत नाही, कारण तिथे नियमित देखरेख होती आणि इथे बऱ्याच ठिकाणी फॉर्म ४२ व्या दिवशी एकदम भरला जातो. हे ओळखायला पाड्यावर जायचीही गरज नाही. जन्मवजनाचे रजिस्टर उघडून शंभर नोंदी ओळीने पाहा. खरोखर वजन केले असेल तर २.३, २.६५, २.४२, ३.१ असे आकडे पसरलेले दिसतात. वजन डोळ्यांनी ठरवले असेल तर २.५ किलोवर आकड्यांचा ढीग पडतो, कारण २.५ च्या खाली लिहिले की बाळ ‘कमी वजनाचे’ ठरते आणि पुढच्या भेटी, रेफर, विचारणा सगळे मागे लागते. ज्या रजिस्टरात असा ढीग आहे तिथे काटा बिघडला आहे, की काटाच नाही, की जायला वेळ मिळत नाही, हे आधी विचारावे. आशाताईला दरडावून आकडे सुधारतात, बाळे सुधारत नाहीत.

फिरत्या दवाखान्याचा हिशेब थोडा सविस्तर देतो, कारण मागणी त्याचीच सर्वांत जास्त असते. हेही आकडे धरलेले आहेत. आपापल्या तालुक्याचे खरे आकडे घालून पाहावेत. गाडी उपकरणांसह १८ लाखांची. हा खर्च एकाच वर्षावर टाकायचा नाही. सात वर्षे आयुष्य आणि गुंतलेल्या पैशावर ३ टक्के व्याजदर धरला तर वर्षाचा भार सुमारे २ लाख ८९ हजार येतो. डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता आणि चालक मिळून महिन्याला १ लाख ४५ हजार, म्हणजे वर्षाला १७ लाख ४० हजार. दुरुस्ती आणि विमा दीड लाख. महिन्याला २२ दिवस, रोज ८० किलोमीटर, लिटरला ८ किलोमीटर, ९२ रुपये दर, असे डिझेल २ लाख ४३ हजार. औषधे ६ लाख. एकूण ३० लाख २२ हजार. २६४ दिवस गाडी गेली आणि रोज ४० रुग्ण तपासले तर एका तपासणीला २८६ रुपये.

आता तीच गाडी १५० दिवसच गेली असे धरा. पावसाळ्यात रस्ता नाही, डॉक्टरचे पद रिकामे, टायर आले नाहीत, कुठल्या तरी कार्यक्रमाच्या बंदोबस्तात गाडी लावली. डिझेल आणि औषधे त्या प्रमाणात वाचतात, पण पगार, विमा आणि गाडीची झीज थांबत नाही. खर्च २६ लाख ५८ हजार, रुग्ण ६०००, एका तपासणीला ४४३ रुपये. डिझेलवर कात्री लावून बचत दाखवणाऱ्यांनी हे जरूर पाहावे: एकूण खर्चात डिझेल बाराव्या हिश्श्याइतकेच आहे, आणि डिझेल नाही म्हणून उभी राहिलेली गाडी दर दिवशी पूर्ण पगार खात असते.

त्याहून मोठा मुद्दा फळाचा. तपासणी हे फळ नव्हे. रक्तदाबाच्या रुग्णाला गाडीने एकदा गोळ्या दिल्या आणि पुढची फेरी चुकली तर त्याचा उपचार तुटला. रजिस्टरात मात्र तो लाभार्थी म्हणून राहतो. इथे मोजायचे ते नोंदलेल्या शंभर रुग्णांपैकी शेवटच्या तिमाहीत किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असेल आणि ३० दिवसांच्या गोळ्या एकदम मिळत असतील तर हे काम तिथेच स्वस्तात आणि न तुटता होते. गाडी राखून ठेवावी ती जिथे उपकेंद्रच नाही किंवा बंद आहे अशा पाड्यांसाठी, आणि तिचा दिवस आठवडे बाजाराशी जोडावा. मोलगी-धडगावच्या बाजाराला लोक तसेही खाली उतरतात. त्याच दिवशी वर पाड्यावर गेलेल्या गाडीला तिथे म्हातारी माणसे तेवढी भेटतात.

कुपोषणात लाभार्थ्यांचा आकडा सर्वांत जास्त फसवतो. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी, किंवा दोन्ही पायांवर सूज, असे मूल तीव्र कुपोषित. यातली बहुतेक मुले आजारी नसतात आणि भूक शाबूत असते. त्यांना गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात बरे करता येते. सूज असलेली, भुकेच्या चाचणीत न खाणारी, ताप-जुलाब-न्यूमोनिया असलेली मुले दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात जायला हवीत. दोन्ही पद्धती हव्यातच, पण चाळणी लावून. चाळणी न लावता सगळ्यांना खाली आणले तर काय होते? दाखल राहायचे असते साधारण १४ दिवस. २०२५-२६ चा रोजगार हमीचा ३१२ रुपये दर धरला तर आईची ४ हजार ३६८ रुपये मजुरी बुडते, आणि घरी दुसरी पोरे असतात. बुडीत मजुरी मिळते, पण ती हातात येते उशिरा. चौथ्या दिवशी आई निघून जाते. केंद्राच्या अहवालात ‘दाखल: एक’ अशी नोंद होते, मूल होते तसेच राहते. म्हणून भागाकार दाखल मुलांनी न करता बरे होऊन घरी गेलेल्या आणि पुढे तीन महिन्यांनी पुन्हा घसरण न झालेल्या मुलांनी करावा. शोधमोहीम दिवाळीनंतर ठेवली तर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या घरांतली मुले यादीतच येत नाहीत आणि प्रमाण कमी झाल्याचा भास होतो. ती स्थलांतराआधी एकदा आणि होळीला लोक परतल्यावर एकदा घ्यावी.

लसीकरणात उलटी गफलत होते. बीसीजी या क्षयाच्या लसीच्या एका व्हायलमध्ये (कुपीत) दहा डोस असतात आणि विरघळवल्यावर चार तासांत ती टाकून द्यावी लागते. पाड्यावर तीनच बाळे आली की सात डोस वाया. या ‘वेस्टेज’बद्दल आरोग्यसेविकेला जाब विचारला जातो, म्हणून ती व्हायल उघडत नाही आणि पुढच्या महिन्यात या म्हणते. गोवर-रुबेलाच्या लसीचेही असेच होते. वाया गेलेले डोस स्वस्त आहेत; परत पाठवलेली आई पुन्हा डोंगर उतरेलच असे नाही.

सर्पदंशाचे प्रतिविष ठेवण्यात अर्धवट बचत सर्वांत घातक. पहिला डोसच ८ ते १० व्हायलचा असतो. आरोग्य केंद्रात तीन व्हायल असतील तर त्यांचा खर्च झाला आणि उपयोग काहीच नाही. रुग्ण तसाच धुळ्याला किंवा नंदुरबारला रेफर होतो. एकतर दोन रुग्णांपुरता साठा ठेवावा, नाहीतर तो जवळच्या ग्रामीण रुग्णालयात एकत्र करावा. पावडरच्या रूपातले प्रतिविष फ्रीजशिवाय राहते. वीज जाणाऱ्या केंद्रांना तेच द्यावे. मुदत संपायच्या सहा महिने आधी साठा जास्त रुग्ण येणाऱ्या केंद्राकडे वळवला तर फेकून देण्याची वेळ येत नाही.

हे सगळे करायला मोठी यंत्रणा लागत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची व्यवस्था उभी केली, ती औषधे, उपकरणे आणि कार्यक्रम यांचा देशपातळीवर विचार करते. तालुक्याला पुरेल एवढा हिशेब मात्र लेखापाल, तालुका आरोग्य अधिकारी आणि एक सांख्यिकी सहायक चार दिवसांत काढू शकतात. दर आरोग्य केंद्रासाठी एक पान. डावीकडे सर्व खर्च: पगार, वाहनाची वार्षिक झीज, औषधे, वीज, प्रशिक्षण, कोणत्याही लेखाशीर्षातून आला असला तरी. जिल्हा परिषदेचा, आदिवासी उपयोजनेचा आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा तीन फायलींत राहतो, म्हणूनच एकूण खर्च कुणालाच दिसत नाही. त्याखाली घरच्यांचा खर्च: जीपचे भाडे, सोबतच्या माणसाची मजुरी, बाहेरून आणलेली औषधे, वर्षातून एकदा तीस घरांना विचारले तरी पुरे. सरकारचा खर्च कमी करून तोच बोजा घरच्यांवर ढकलणारी पद्धत या एका रकान्यात उघडी पडते. उजवीकडे फळे, फक्त चार: दवाखान्यातली वाढीव बाळंतपणे, २८ दिवस पूर्ण केलेली बाळे, बरी होऊन टिकलेली कुपोषित मुले, आणि दाब आटोक्यात असलेले रुग्ण.

जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना आमची विनंती आहे की येत्या आराखड्यात कोणतीही नवी गाडी किंवा इमारत मंजूर करण्याआधी त्या केंद्राचे हे पान मागावे, आणि मागच्या वर्षीच्या प्रत्येक माता व बालमृत्यूच्या अन्वेषणातून कोणता विलंब कारणीभूत ठरला ते त्याला जोडून घ्यावे. पहिला विलंब जास्त असेल तिथे आशा आणि दायी, दुसरा असेल तिथे माहेरघर आणि रस्ता, तिसरा असेल तिथे रक्तसाठा आणि भूलतज्ज्ञ, असा निधी वळवता येईल. आपल्या वृत्तपत्राच्या तालुका प्रतिनिधींनीही लोकार्पणाच्या बातमीत किमतीबरोबर एवढे दोन प्रश्न विचारावेत: ही गाडी मागच्या वर्षी किती दिवस चालली, आणि तिच्यामुळे काय वाढले.

आपले,
सार्वजनिक आरोग्याच्या कामातील काही वाचक,
तळोदा, धुळे व चोपडा